उसने डोळे आणि सत्याचे व्रत

गरजूला मदत करणे ही सेवा आहे, हे आपण सारेच मानतो. परंतु मदत करणारे यंत्र असेल, तर त्या सेवेचे काय होते? आज दृष्टिहीन व्यक्तीच्या हातातील फोन दुकानाची पाटी वाचून दाखवतो, समोर कोणती वस्तू आहे ते सांगतो. मग जवळ बसून वाचून दाखवणाऱ्या माणसाची गरज संपली का? आणि त्या माणसाकडून आपण जो सचोटीचा धर्म अपेक्षित होतो, तो आता कोणी पाळायचा?

प्रज्ञाचक्षूंचा मार्ग

विदर्भातील संत श्री गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरीही त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेतले, स्वतःचे चिंतन सांगून लिहवून घेतले आणि विपुल ग्रंथरचना केली. प्रज्ञा त्यांची स्वतःची होती. डोळे तेवढे उसने होते.

या उसन्या डोळ्यांचे दायित्व मोठे असते. वाचणाऱ्याने एखादी ओळ गाळली किंवा अंदाजाने शब्द घातला, तर ऐकणाऱ्याला ते तपासता येत नाही. म्हणून वाचून दाखवणाऱ्याचा पहिला गुण सत्यनिष्ठा हा आहे. दया त्यानंतर येते. जिथे अक्षर लागत नाही तिथे ‘लागत नाही’ असे सांगणे, हीच त्याची खरी सेवा.

कारखान्यापासून संगणकापर्यंत

संस्कारधानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जबलपूर शहरात हा प्रश्न आज नव्या रूपात उभा आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या एलिम्को या सरकारी निगमाचे मुख्यालय कानपूरला असून त्याचे एक सहायक उत्पादन केंद्र जबलपूरला आहे. कृत्रिम अवयव, व्हीलचेअर, कुबड्या, तीनचाकी सायकली अशी साधने हे निगम बनवते. याच शहरात २००५ पासून माहिती तंत्रज्ञान, डिझाइन आणि उत्पादन शिकवणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. हाताने घडवलेले साधन आणि संगणकाची बुद्धी यांनी एकत्र येण्याचा हा काळ आहे.

मात्र या दोन प्रकारच्या साधनांत एक महत्त्वाचा भेद आहे. कुबडी आखूड झाली तर खांदा दुखतो. कृत्रिम पाय नीट बसला नाही तर पहिल्याच पावलाला कळते. तिथे शरीर स्वतःच साक्ष देते. कृत्रिम बुद्धिमत्ता मात्र आधी पाहिलेल्या असंख्य नमुन्यांवरून सर्वांत संभाव्य उत्तर देते. औषधाच्या पट्टीवरील नाव तिने चुकीचे वाचले, तरी आवाज तितकाच शांत आणि ठाम असतो. चूक यंत्राची, पण तिचे फळ भोगावे लागते ते तपासण्याचे साधनच नसलेल्या माणसाला. हा केवळ तांत्रिक दोष नव्हे, हा नीतीचा प्रश्न आहे.

मग यंत्र नाकारावे का?

मुळीच नाही. माणसाच्या मदतीलाही एक अदृश्य किंमत असते. कोणाला सवड मिळेपर्यंत थांबावे लागते, सतत उपकृत राहावे लागते, बँकेचे पत्र आणि वैद्यकीय अहवालही दुसऱ्यासमोर उघडावा लागतो. रात्री दोन वाजता, कोणालाही न उठवता, स्वतःचे पत्र स्वतः ऐकता येणे यात केवढी प्रतिष्ठा आहे! गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा नसलेले दान सात्त्विक म्हटले आहे. आपली मदत समोरच्याला कायम ऋणी ठेवत असेल, तर ती या कसोटीला उतरत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. त्याच्या नावातच दयेऐवजी अधिकार आहे.

आणि ही वाट अजून फारच थोड्यांसाठी खुली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना किमान एका सहायक साधनाची गरज आहे. त्यांपैकी जवळजवळ १०० कोटींना ते मिळत नाही.

साधनाची कसोटी

म्हणून साधन घडवणाऱ्यांनी आणि दान करणाऱ्यांनी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. खात्री नसेल तेव्हा हे साधन तसे स्पष्ट सांगते का? वापरणाऱ्याचे खासगी जीवन खासगी राहते का? रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये आणलेले ‘मनी’ हे ॲप इंटरनेटशिवाय नोट ओळखते. असे संयमी साधन शक्य आहे, हे त्यावरून दिसते. आणि तिसरा प्रश्न : ज्याच्यासाठी हे साधन आहे, त्याला ते घडवताना विचारले होते का? शिबिरात साधन वाटल्याचे छायाचित्र हे दात्याचे समाधान आहे. सहा महिन्यांनंतरही ते साधन वापरात असणे, हे घेणाऱ्याचे समाधान आहे.

साधकहो, यंत्र आल्याने आपली सेवा संपत नाही; ती अधिक शुद्ध होऊ शकते. वाचून दाखवण्याचे ओझे यंत्राने उचलले, तर आपल्याजवळ शेजारी बसून बोलायला वेळ उरेल. आणि यंत्र जिथे ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणेल, तिथे खरे ते पाहून सांगणारा माणूस हाकेच्या अंतरावर असायला हवा. आपल्या वस्तीत अशी एखादी व्यक्ती असेल, तर या आठवड्यात तिला भेटा. काही देण्यापूर्वी फक्त विचारा, ‘आपल्याला काय हवे आहे?’ मग उत्तर नीट ऐका. सेवेचा आरंभ तिथून होतो.