सत्याला सत्याचे भय नसते

धर्मग्रंथात विज्ञान शोधावे काय? इस्लामपुरते पाहायचे तर मॉरिस ब्यूकाय या फ्रेंच डॉक्टरांचे नाव प्रथम येते. आधुनिक शोध कुराणाशी जुळतात, असे प्रतिपादन करणारे त्यांचे पुस्तक १९७६ साली निघाले आणि अशा शोधाशोधीला जोर चढला. आकाश व पृथ्वी एकत्र जोडलेली होती, ती विलग केली, अशा अर्थाची आयत कुराणाच्या २१ व्या सूरेत आहे. तिच्यात महास्फोटाचा सिद्धान्त आहे, असे आता सांगितले जाते.

माझा आक्षेप श्रद्धेला नाही, क्रमाला आहे. ती आयत शतकानुशतके पठणात होती. पण दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे कळले १९२९ साली, एडविन हबल यांच्या मोजमापांतून. आधी शोध लागला, मग अर्थ सापडला. शिवाय विज्ञान स्वतःला दुरुस्त करीत असते. उद्या सिद्धान्त बदलला, तर त्याच्या खुंटीला टांगलेल्या वचनाचे काय करायचे? ग्रंथाचा मान वाढवण्याच्या भरात आपण त्याला प्रयोगशाळेच्या दारी प्रमाणपत्रासाठी उभे करतो.

जुन्या मुस्लिम विद्वानांची रीत वेगळी होती. अल्-बिरूनींनी पंजाबातील नंदना किल्ल्यापाशी डोंगरावरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. कॉर्डोबाचे काझी इब्न रुश्द (११२६–११९८) यांचे म्हणणे असे की, सत्य सत्याच्या विरोधात जात नाही. सिद्ध ज्ञान आणि वचनाचा वाच्यार्थ यांत विसंगती दिसली, तर वचन लक्षणेने घ्यावे. म्हणजे सिद्धता तिच्या पायावर उभी राहते आणि ग्रंथ त्याच्या जागी. आपल्या काळात अब्दुस सलाम यांना १९७९ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. ते निष्ठावंत धार्मिक होते. तरीही विज्ञान एकच, त्याला धर्माचे विशेषण लागत नाही, असे ते म्हणत.

हे वाचून आपण शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. ‘वैमानिक शास्त्रा’तील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच काढला, तरी आपल्या सभांतून ती विमाने अजून उडतात. माप दोघांनाही एकच हवे.

वर्गात हिंदू-मुसलमान मुले एका बाकावर बसतात. त्यांना मी एवढेच सांगेन : कसे जगावे, हे घरच्या ग्रंथाला जरूर विचारा, दगड किती वेगाने खाली येतो, हे मात्र मोजूनच पाहा.