लाभ घेणारा निर्दोष असतो काय?

दुसऱ्याने अन्यायाने केलेल्या व्यवहाराचा लाभ जो काही न विचारता घेतो, त्याच्याकडे त्या दोषाचाही काही वाटा येतो की नाही? इंग्लंडातील जॉर्ज हडसन ह्याच्या चरित्रावरून ह्या प्रश्नाचा विचार करू.

हडसन १८०० साली यॉर्कशायर प्रांतात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. यॉर्क शहरी कापडाच्या दुकानात उमेदवारी करून तो व्यापारी झाला. १८२७ साली एका नातलगाकडून त्यास ३०,००० पौंडांचा वारसा मिळाला. पुढे तो आगगाडीच्या अनेक कंपन्यांचा अध्यक्ष झाला, तीन वेळा यॉर्कचा लॉर्ड मेयर झाला, आणि १८४५ साली संडरलंड शहरातर्फे पार्लमेंटात गेला. सुमारे १,००० मैल लोहमार्ग त्याच्या ताब्यात होता. लोक त्यास 'रेल्वेचा राजा' म्हणत.

कंपनीच्या भागीदारांस जो वाटा द्यावयाचा तो नफ्यातून द्यावा, असा नियम आहे. हडसन नफा अपुरा पडला म्हणजे मूळ भांडवलातूनच वाटा देई. एखाद्या शेतकऱ्याने बियाण्याचे धान्य दळून गावजेवण घालावे, तसे हे झाले. पंगत तृप्त होऊन उठते, परंतु पेरणीच्या दिवशी कणगी रिकामी! शिवाय आपल्या खासगी मालकीचे शेअर त्याने आपल्याच कंपनीस चढ्या भावाने विकले. १८४९ साली चौकशीत हे उघडकीस आले व त्याची पदे गेली. १८६५ साली तो कर्जापायी यॉर्क येथे तुरुंगात पडला, आणि १८७१ साली मरण पावला.

हडसन दोषी होता ह्यात संशय नाही. पण भागीदारांचे काय? वाटा भरघोस मिळत होता तोवर त्यांनी त्याचा जयजयकार केला. कोणी म्हणेल, "त्यांस ठाऊक नव्हते." खरे, परंतु अज्ञान दोन प्रकारचे असते. दूरच्या गावी राहणाऱ्या ज्या विधवेस हिशेब पाहण्याचे साधनच नव्हते, तिला कोण दोष देईल? परंतु ज्यास विचारता येत होते, आणि उत्तराने आपला लाभ बुडेल ह्या भयाने ज्याने विचारले नाही, त्याचे अज्ञान त्याने स्वतः जपलेले होते.

हडसनच्या पतनानंतर यॉर्ककरांनी एका रस्त्यास दिलेले त्याचे नाव काढून टाकले. आगगाडीपासून मिळालेली भरभराट मात्र ठेवली. १९७१ साली ते नाव पुन्हा देण्यात आले. एकाच्या माथी सर्व दोष मारणे सोपे असते.

तर वाचकहो, पतपेढी असो की मंडळीचा फंड असो, हिशेब विचारावयाचा तो हाती लाभ येत असतानाच विचारावा. नुकसान झाल्यावर तर सारेच विचारतात.