पाचारण उलगडते कसे?



दहावीचे निकाल लागले की काही आईवडील मुलाला घेऊन माझ्याकडे येतात. "फादर, ह्याला पुढे काय करायचं तेच कळत नाही. जरा समजवा." मुलगा मान खाली घालून उभा असतो. सोळाव्या वर्षी जीवनाचे ध्येय ठाऊक नसणे हा जणू गुन्हाच!

प्रत्येकाच्या जीवनाला देवाने हेतू दिला आहे, ही आपली श्रद्धा. पण तो हेतू आधीच कळला पाहिजे, असे ती सांगत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो. पीक कसे वाढते ते त्याला कळत नाही. आपले द्राक्षबागायतदार हे जाणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीवर नुसती पाने आणि काड्या दिसतात, पण काडीच्या डोळ्यात पुढचा घड आतल्या आत तयार होत असतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर पडतो. मधल्या काळात बागायतदार काही हातावर हात ठेवून बसत नाही.

नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे जीवन असेच उलगडले. त्या कॅथलिक नव्हत्या, तरी मराठी ख्रिस्ती घरांत त्यांचे नाव परके नाही. लहानपणीच लग्न झाले. लिहायला-वाचायला शिकवले ते पती नारायण वामन टिळकांनी. संसार केला, अनाथ मुले सांभाळली. लेखिका व्हायचे असा बेत नव्हता. १९१९ साली टिळक वारले, 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते हाती घेऊन लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय रचले. मुलाला वडिलांच्या चरित्रासाठी माहिती हवी होती, म्हणून आठवणी लिहायला घेतल्या. त्यांचीच 'स्मृतिचित्रे' झाली. पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या.

मग प्रवाहाबरोबर वाहत जायचे का? मुळीच नाही. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, पण नवऱ्याने घेतला म्हणून लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. त्या दुरावल्या, तळमळल्या, जातिभेदाविषयी स्वतः विचार केला आणि १९०० साली स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या चरित्रातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. "देवाची इच्छा आहे, सोस बाई" असे सांगणारे आपल्यात कमी नाहीत, आणि त्यात आम्ही धर्मगुरूही आलो. पण उलगडणे वेगळे आणि फरफटणे वेगळे.

फरक ओळखायचा कसा? संत थॉमस ॲक्विनास शिकवतात की देव प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावानुसार चालवतो, आणि माणसाचा स्वभाव आहे विचार करून निवडण्याचा. म्हणून सद्सद्विवेकबुद्धीचा होकार नसताना कोणी रेटून नेले, तर त्याला देवाचे पाचारण म्हणू नये, रेटणारा बाप असो, नवरा असो की धर्मगुरू. मुलाचा प्रवेश अर्ज त्याला न विचारता भरणेही त्यातच आले. उलट, समोर आलेले काम मनापासून केले आणि त्यातून नवी वाट फुटली, तर ती आधी ठरवलेली नव्हती म्हणून घाबरायला नको.

'स्मृतिचित्रे' आजही बाजारात मिळते. या सुट्टीत घरी आणा आणि मुलांबरोबर मोठ्याने वाचा. हसूही भरपूर येईल.

आपला,
प्रमुख धर्मगुरू