स्वत्वाचे साक्षीदार

अमुक एक वस्तू माझी आहे हे कशावरून ठरते, या प्रश्नाचा आपल्या धर्मशास्त्रकारांनी फार बारकाईने खल केलेला आहे. आणि वरवर पाहता केवळ पंडितांच्या वादसभेत शोभणारा हा प्रश्न, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील ज्या बायकांची गणना सरकारदप्तरी ‘शेतमजूर’ नाही तर ‘गृहिणी’ अशी एका शब्दात उरकली जाते, त्यांच्या अर्थस्थितीचा विचार करताना जितका उपयोगी पडतो, तितकी योजनांच्या परिपत्रकांतील परिभाषा उपयोगी पडत नाही, असे माझे मत झाले आहे.

वाद असा होता. स्वत्व, म्हणजे वस्तूवरील धनीपण, हे शास्त्रवचनावरूनच कळणारे आहे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. शास्त्राने सांगितलेल्या मार्गांनी जे मिळाले ते आपले, बाकीचे नव्हे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत हा पक्ष खोडून काढला. (चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या ज्या कल्याणीत हा ग्रंथ रचला गेला ती म्हणजे मुरबाडची एस.टी. जिथून सुटते ते आपले कल्याण नव्हे. ती बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण.) त्याचा युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. यज्ञातील आहवनीय अग्नी हा शास्त्रावाचून कळत नाही, कारण त्याने साधायचे कार्य अलौकिक. परंतु भाताने पोट भरते हे कळण्यास कोणत्याही ग्रंथाची गरज लागत नाही, आणि स्वत्वाने साधणारी कार्ये, विकणे, विकत घेणे, ही भाताच्याच जातीची, लौकिक होत. एवढ्यावर न थांबता तो असेही दाखवून देतो की, ज्यांनी शास्त्राचे नावही ऐकलेले नाही अशा सीमाप्रदेशात राहणाऱ्या लोकांतही माझे-तुझे हा व्यवहार चालतोच. तात्पर्य, स्वत्व लोकांच्या व्यवहारात जन्मते आणि लोकांच्या मान्यतेवर जगते.

आता हाच विज्ञानेश्वराचा निकष घेऊन स्त्रीच्या धनाकडे वळावे. मनूने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत: विवाहाग्नीसमोर मिळालेले, सासरी निघताना मिळालेले, पतीने प्रीतीने दिलेले, आणि भाऊ, आई व बाप यांनी दिलेले. या साहींचा कर्ता दुसरा कोणी आहे; स्त्री केवळ घेणारी आहे. कात्यायनाने तर ही गोष्ट अधिकच उघड केली. स्त्रीने आपल्या कारागिरीने जे मिळवले, आणि परक्याने प्रीतीने जे दिले, त्यावर स्वामित्व पतीचे. उरलेले ते तिचे स्त्रीधन, असा त्याचा निर्णय आहे. म्हणजे हातावर ठेवलेले ते तिचे, पण तिच्याच हातांनी निर्माण केलेले ते मात्र तिचे नाही! दानाने स्वत्व उत्पन्न होते आणि श्रमाने होत नाही, हा सिद्धांत एखाद्या आळशी जमीनदाराने मांडला असता तर नवल वाटले नसते. एका सूक्ष्मबुद्धी स्मृतिकाराने तो मांडावा याचे आश्चर्य वाटते.

परंतु कात्यायनाला दोष देऊन मोकळे होण्याइतका हा विषय जुना झालेला नाही. भाताची कापणी, झोडणी आटोपली की शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांवरील कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक जोडी धरली जाते. भाव हजार विटांमागे ठरतो. चिखल तुडवणे, गारा वाहणे, थापणे, वाळत घालणे यांतील निम्म्याहून कमी काम बाईचे असते असे भट्टीवाला शेठही म्हणणार नाही. आणि तरीही शेठच्या वहीत खाते पुरुषाच्या नावाचे, उचल त्याची, हिशेब त्याच्याशी. कात्यायनाचे नाव या भट्टीवर कोणाला ठाऊक नाही, पण त्याचा निर्णय तेथे अक्षरशः चालू आहे. स्वत्व लौकिक आहे याचा हा दुसरा आणि अप्रिय अर्थ: लोकव्यवहार जसा देतो तसा नाकारतोही.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. विज्ञानेश्वराने वारसाने, खरेदीने, वाटणीने मिळालेली मिळकतसुद्धा स्त्रीधनात धरली होती; पुढे इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलने ही विस्तृत व्याख्या आकुंचित करून विधवेच्या हाती केवळ हयातीपुरता उपभोग ठेवला. त्यातल्या त्यात मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण, अर्थात आपला ठाणे जिल्हा, या मुलखात निळकंठभट्टांच्या व्यवहारमयूखाला अग्रमान असल्यामुळे मुलीच्या आणि बहिणीच्या वारसाहक्काची स्थिती इतर प्रांतांहून बरी होती. हे निळकंठभट्ट काशीचे, पण घराणे मूळचे आपल्या पैठणचे. नंतर विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा देणारा १९३७ चा देशमुखांचा कायदा आला, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीचे अपुरे धनीपण पुरे केले, महाराष्ट्राने १९९४ साली आपले पहिले महिला धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी मुलीला सहदायादाचा, म्हणजे वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच वाट्याचा, हक्क दिला, जो केंद्राने २००५ मध्ये सर्व देशाला लागू केला. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शरद जोशींनी गावोगावच्या शेतकऱ्यांना आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन करून देण्यास लावले, हीही त्याच काळातील गोष्ट, आणि माझ्या मते कायद्याइतकीच मोलाची. कारण तिच्यात शेजाऱ्यांच्या देखत द्यावे लागत असे.

इतके सारे होऊनही मामलेदार कचेरीच्या दप्तरात काय दिसते? बाप गेल्यावर वारस म्हणून बहिणींची नावे सातबाऱ्यावर चढतात, आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्राचा दस्त होऊन ती उतरतात. अंगठा किंवा सही करणारी बहीण बहुधा रडत-भेकत करीत नाही. माहेरची वाट मोकळी राहावी, भाऊबीजेला पाटावर बसवून ओवाळायला भाऊ असावा, म्हणून ती हसतमुखाने करते. मनूच्या यादीतील ‘भावाने दिलेले’ टिकावे म्हणून कायद्याने दिलेले ती सोडून देते. तिने चूक केली असे म्हणायला मी धजत नाही. ज्या गावात संकटकाळी कोर्ट कामास येत नाही आणि भाऊ येतो, तेथे तिचा हिशेब पुरता व्यवहारी आहे.

भावाची ही जागा आता सरकारने घेतली आहे. २०२४ च्या जुलैपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत एकवीस ते पासष्ट वर्षांच्या पात्र स्त्रीच्या बँक खात्यात दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले. या रकमेची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. खर्डी-कसाऱ्याकडच्या पाड्यावरील बाईच्या आयुष्यात ज्याच्या येण्याला घरातल्या कोणाची परवानगी लागत नाही असा हा कदाचित पहिलाच पैसा असेल, आणि पोराच्या औषधाला नवऱ्यापुढे हात पसरावा न लागणे यात जो सन्मान आहे तो मुंबईत बसून मोजता येत नाही. परंतु तत्त्वतः हे प्रीतिदत्तच होय. देणाऱ्याची प्रीती आहे तोवर ते आहे. निकष बदलले, छाननी झाली, की नाव गळते, आणि गळालेली बाई फार तर विनवणी करू शकते. दानाने वस्तू मिळते. दानावर हक्क सांगता येत नाही.

याहून निराळा असा एक राजधर्म आपल्याच परंपरेत सांगितलेला आहे, आणि तो धर्मशास्त्रात नसून अर्थशास्त्रात आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. कौटिल्याने सूत्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याकडे सूतकताईचे खाते सोपवले असून विधवा, अपंग स्त्रिया, घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया यांना त्याने काम पुरवावे असे म्हटले आहे. सुताचा पोत पाहून वेतन ठरवावे. बाई पहाटे सूत घेऊन आली तर दिवा सुतापुरताच लावावा. तिचे तोंड न्याहाळणाऱ्या किंवा कामावेगळे बोलणाऱ्या अधिकाऱ्यास दंड. आणि वेतन देण्यास विलंब लावणाऱ्यास त्याहून मोठा दंड. कौटिल्य स्त्रीला बहीण म्हणत नाही, देवीही म्हणत नाही. तिच्या कामाला भाव आहे आणि तो वेळेवर न देणारा सरकारी माणूस अपराधी आहे, एवढेच तो म्हणतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीत आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात हीच बुद्धी होती. पंधरा दिवसांत मजुरी मिळाली पाहिजे हा त्यातील नियम कौटिल्याच्या कुळातला. मजुरी किती वेळा थकली आणि दंड किती अधिकाऱ्यांना झाला, हे मात्र विचारू नये.

यास्तव मला बचत गटाकडे पाहताना त्यातील पैशाहून त्याच्या रीतीचे कौतुक वाटते. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, १९९२ साली नाबार्डने सुरू केलेली गट आणि बँक यांची सांगड, आणि २०११ पासूनचे ‘उमेद’ अभियान, अशा सरकारी-निमसरकारी खटाटोपातून ही रीत या तालुक्यांत रुजली. दहा-बारा बायका ठरल्या वारी कोणाच्या तरी ओटीवर बसतात. हजेरी होते, बचत जमा होते, मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचले जाते. कोणाला बियाण्याला, कोणाला बाळंतपणाला पैसे हवे असतात. कारण सर्वांसमोर सांगावे लागते, सर्वांसमोर ठराव होतो, आणि परतफेडीचा हप्ता सर्वांसमोर वहीत उतरतो. जी रक्कम घरात ‘बायकोने साठवलेले चार पैसे’ होती, ती येथे तिच्या नावापुढे लिहिलेली, शेजारणींनी पाहिलेली रक्कम होते. विज्ञानेश्वराच्या भाषेत सांगायचे तर श्रमाने मिळालेल्या धनावरील तिचे स्वत्व येथे लौकिक होते. शासननिर्णयाला हे करता येत नाही, आणि एकट्या बँकखात्यालाही नाही, कारण खाते एकटीचे असते आणि त्याचे कार्ड बहुधा नवऱ्याच्या खिशात असते.

अर्थात या रीतीचे गोडवे गाताना तिचे पोकळ भाग झाकू नयेत. गटाचे कर्ज बाईच्या नावावर आणि मोटारसायकल नवऱ्याची, हा प्रकार इतका नित्याचा आहे की गटातल्या बायका त्यावर हसतात. हप्ता मात्र तीच फेडते, रानातून शेवळे, कंटोळी, करवंदे गोळा करून, पहाटेच्या लोकलने कल्याण-ठाण्याला विकून. मुरबाडच्या बाईला तीही सोय नाही. तिच्या तालुक्यात अद्याप रेल्वे नाही. शिवाय बँका, कंपन्या, संस्था यांच्याशी ‘भागीदारी’ जाहीर होते तेव्हा भागीदारांपैकी भाव कोण ठरवतो, हा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. शहापूरच्या वनधन केंद्रातून कातकऱ्यांनी गोळा केलेली गुळवेल मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांपर्यंत गेली ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. पण वेल तोडणारीपासून पुडीपर्यंतच्या वाटेत जितके हात, त्यांत मोबदल्याच्या रांगेतील शेवटून पहिला हात तिचा असतो.

आणि काळ हेही धनच नव्हे काय? तानसा १८९२ पासून आणि पुढे भातसा, ही शहापूर तालुक्यातील जलाशये मुंबईची तहान भागवीत आली आहेत, आणि त्याच तालुक्याच्या पाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. हंड्यामागे जाणारा बाईचा वेळ कोणत्याही वहीत जमेस धरलेला नाही. तिला शिवणयंत्र देणारी योजना त्या वेळेतून वजा होऊन काय उरते याचा हिशेब करीत नाही, आणि मग यंत्र धूळ खात पडले की बाईच उदासीन ठरते. नळ ही येथे अर्थनीती आहे; कर्जाच्या आधीची.

शेवटी जमिनीकडे यावेच लागते. वारसाहक्काचे जे कायदे वर सांगितले ते अनुसूचित जमातींना लागूच नाहीत; १९५६ च्या कायद्याने त्यांना स्पष्टपणे वगळले आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या मुलींचा हक्क जमातीच्या रूढीवर अवलंबून. ही रूढी सर्वस्वी स्त्रीविरोधी आहे असे समजणे अडाणीपणाचे होईल. ज्या वारली समाजात लग्न लावण्याचा मान धवलेरीला, म्हणजे एका बाईला आहे, त्याला स्त्रीच्या धर्माधिकारावर शहरातून व्याख्यान देण्याची आवश्यकता नाही. पण जमिनीचे वारस मुलगे, ही समजूत तेथेही पक्की. अशा स्थितीत २००६ च्या वनहक्क कायद्याने एक निराळीच गोष्ट केली: विवाहितांच्या बाबतीत वनपट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे, आणि एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या नावे. हा पट्टा विकता येत नाही, वारसांकडे जातो. तो जेव्हा वारसांकडे जाऊ लागेल तेव्हा मुलीचे काय, हा प्रश्न मुरबाडच्या कचेरीत यायचाच आहे. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात मुलीला नाकारणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर समानतेच्या तत्त्वाने तिला वाटा द्यावा असा निर्णय दिला आहे.

म्हणजे दावा उभा राहिला की रूढी काय आहे हे कोणीतरी शपथेवर सांगावे लागेल. आजवर अशी साक्ष पाड्यातले चार म्हातारे देत आले. गेली काही वर्षे ज्या बायका ओटीवर बसून कोणाची किती बचत आणि कोणाचे किती देणे हे एकमेकींच्या देखत लिहीत आल्या आहेत, आणि ज्यांची नावे पट्ट्यावर नवऱ्याच्या नावाशेजारी आहेत, त्या तोवर म्हाताऱ्या झालेल्या असतील. आणि आमच्यात मुलीला मिळत नाही की मिळते, हे सांगायला कचेरीत त्यांनाही बोलवावे लागेल.