अरण्याने आपली उपयुक्तता सिद्ध करावी काय?

मे २०२१ मधील गोष्ट आहे. नाशिक रोडला आमच्या शेजारी राहणारे, छापखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ कोरोनातून उठले न उठले तोच त्यांच्या गालावर सूज आली, डोळा लाल झाला, आणि डॉक्टरांनी ज्या रोगाचे नाव घेतले ते त्या दिवसांत महाराष्ट्रातील घराघरांत भीतीने उच्चारले जात होते : काळी बुरशी. तिच्यावरील मुख्य औषध अँफोटेरिसिन-बी. मेदाच्या सूक्ष्म कोशांत भरलेले ते औषध पन्नास मिलिग्रॅमच्या कुप्यांतून मिळते, आणि साठ किलो वजनाच्या माणसास अशा पाच-सहा कुप्या रोज, त्याही कित्येक आठवडे, द्याव्या लागतात. बाजारात कुपी दिसेनाशी झाली होती. सरकारने वाटप आपल्या हाती घेतले होते. त्यांचा मुलगा चिठ्ठी घेऊन वणवण करीत होता, आणि आम्ही आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस रात्री-अपरात्री दूरध्वनी करून उठवीत होतो. अखेर औषध मिळाले. गृहस्थ वाचले, डोळा मात्र गेला.

हे औषध मूळ कोठून आले, हे आम्ही पुढे सवडीने वाचले. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला देशातील ओरिनोको नदीच्या काठच्या प्रदेशातून आणलेल्या मातीत एक सूक्ष्म जीव सापडला, आणि १९५०-६० च्या दशकात त्यापासून हे द्रव्य वेगळे करण्यात आले. तो जीव शास्त्रीय दृष्ट्या जिवाणू. परंतु बुरशीसारखे तंतू पसरून वाढतो, म्हणून त्याच्या जातीची गणना पूर्वी बुरशीतच होत असे. अशा रीतीने एका बुरशीने गिळावयास घेतलेला नाशिक रोडचा मनुष्य दुसऱ्या गोलार्धातील तिच्या एका दूरच्या वैऱ्याने सोडविला.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. त्या पंधरवड्यात कोणी आम्हांस सांगितले असते की, शंभर कुप्यांच्या मोबदल्यात सह्याद्रीचा एक डोंगर बोडका करावा लागेल, तर आम्ही कुऱ्हाड शोधावयास निघालो असतो. पुढील विवेचन वाचताना वाचकांनी ही कबुली ध्यानात ठेवावी.

अरण्याच्या रक्षणार्थ हल्ली जो युक्तिवाद सर्रास केला जातो, तो असा. बुरशीच्या सुमारे दीड लाख जातींचे आजवर वर्णन झाले आहे. पृथ्वीवर त्या बावीस ते अडतीस लाख असाव्यात, असा २०१७ मधील तज्ज्ञांचा अंदाज आहे. पावसाळी अरण्यात तर प्रत्येक झाडाच्या पानात आणि सालीत, बाहेरून काहीही न दिसता, बुरशी नांदत असते. वायनाडच्या अरण्यातील बेलाच्या झाडात अशीच एक बुरशी सापडली, आणि २०१३ मध्ये ती नवीन जात म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यातून निघणारी बाष्पे इतर सूक्ष्म जीवांस मारतात. बोर्निओच्या जंगलातून एका धर्मोपदेशकाने धाडलेल्या मातीतून १९५० नंतरच्या काही वर्षांत व्हँकोमायसिन निघाले, आणि आजही कठीण प्रसंगी डॉक्टर त्याकडे वळतात. तेव्हा अरण्य म्हणजे न उघडलेले औषधालय होय. ते जाळणारा आपल्याच नातवंडांचे औषध जाळतो!

हा युक्तिवाद आम्हीही वर्गात आणि व्यासपीठावर अनेकदा केला आहे, आणि टाळ्याही घेतल्या आहेत. त्यातील माहिती खरी आहे. आमची तक्रार तिच्यापासून काढलेल्या निष्कर्षाविषयी आहे.

पहिली गोष्ट, औषधास अरण्यच लागते असे नाही. फ्लेमिंगला १९२८ मध्ये पेनिसिलिनची बुरशी लंडनमधील स्वतःच्या प्रयोगशाळेत भेटली. पुढे १९४३ मध्ये तिची अधिक उत्पादक बहीण अमेरिकेतील पिओरिया गावी एका नासक्या खरबुजावर मिळाली. सेफॅलोस्पोरिनची बुरशी ब्रोत्झू ह्या इटालियन शास्त्रज्ञास १९४५ मध्ये सार्डिनिया बेटावर, सांडपाणी समुद्रास मिळते तेथे, सापडली. आपल्या पिंपरीस १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले; ते देणाऱ्या जीवाच्या नावात पिंपरीचेच नाव गुंफलेले आहे. केवळ उपयुक्तता हीच कसोटी मानावयाची, तर सार्डिनियाच्या गटारास आंबोलीच्या रानापूर्वी संरक्षण द्यावे लागेल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. औषध शोधण्यास माती लागते ती चिमूटभर. बुरशी एकदा बरणीत वाढू लागली की कारखान्यास अरण्याचे काम उरत नाही. ते खरबूज केव्हाच फेकून दिले गेले, पण त्यावरील बुरशीचे वंशज पुढे पिंपांतून पेनिसिलिन पाझरीत राहिले. म्हणजे अरण्य राखण्याचे हे कारण जितके सफळ होईल, तितके ते अरण्यास निराधार करील. सर्व पाने तपासून झाली, बरण्या भरल्या, आता तोडावयास हरकत कोणती? ह्या प्रश्नास उपयुक्ततावादी वकिलापाशी उत्तर नाही.

तो म्हणेल, आहे. रोगजंतू औषधास सरावतात, म्हणून पुन्हा पुन्हा अरण्याकडे जावे लागते. हे खरे. नाशिकच्या द्राक्षबागांत फवारली जाणारी काही बुरशीनाशके आणि रुग्णालयातील काही औषधे एकाच कुळातील आहेत. शेतात अशा फवाऱ्यांस सरावलेली बुरशी फुप्फुसात शिरल्यावर औषधासही दाद देत नाही, असे युरोपात दिसून आले आहे. शिवाय बरणीत पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेली बुरशी पुष्कळदा आपले द्रव्य करणेच सोडून देते. का न सोडावे? ते तिने आपल्यासाठी केलेले औषध नव्हेच. पानातल्या ओलसर जागेवरून शेजाऱ्यांशी चाललेल्या भांडणातील ते शस्त्र आहे, आणि बरणीत शेजारी नसतो. वकिलाचे हे उत्तर आम्हांस पहिल्यापेक्षा पुष्कळच बरे वाटते. तथापि त्यानेही अरण्याची फक्त मुदत वाढते. मालकी उपयुक्ततेचीच राहते.

मग आपल्या पूर्वजांनी देवराया कशाच्या बळावर राखल्या? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांस असे दिसले की, कित्येक ठिकाणी पडलेली वाळकी काटकीही उचलण्याची मनाई होती. ही मनाई हिशेबातून आलेली नव्हती. मात्र ह्या गोष्टीचे गोडवे गाण्याचा मोह आम्ही आवरतो. कारण भय सरले तेथे देवराई सरली, आणि देवीच्या नव्या सिमेंटच्या देवळासाठी देवीचेच रान विकल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस तर देवीचे भय नाही. त्याच्या जागी आम्ही फायदा आणून बसविला, आणि तोही पुरत नाही असे आता दिसते.

ह्या विचारात असता आम्हांस शेजारच्या गृहस्थांची आठवण झाली. त्या पंधरा दिवसांत पेन्शन खाणाऱ्या ह्या म्हाताऱ्याचा आता समाजास उपयोग काय, असे कोणीही विचारले नाही. तसे विचारणाऱ्यास आम्ही माणसांतून उठविले असते. मनुष्य आणि रान ह्यांस एका पारड्यात घालता येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. निवड करण्याची वेळ आली तर आम्ही कुऱ्हाड उचलू, हे वर सांगितलेच. परंतु ती वेळ येते कोठे? इगतपुरीकडचे डोंगर कुप्यांसाठी कापले जात नाहीत. ते शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी कापले जातात.

आमच्या मते येथे उपयोग हा शब्दच चुकीचा आहे. शब्द हवा तो ऋण. उपयोग पुढे पाहतो, म्हणून तो संपतो. ऋण मागे पाहते. उद्या अँफोटेरिसिनहून चांगले औषध निघेल, तेव्हा ओरिनोकोच्या मातीचा उपयोग सरेल, पण तिने दिलेला मनुष्य दिलेलाच राहील. यावर कोणी म्हणेल, ज्याने हेतुपूर्वक दिले त्याचेच ऋण, आणि बुरशीस हेतू कोठला? हा आक्षेप आम्हांस बराच काळ अडवून होता. परंतु नाशिक रोडच्या स्टेशनावर उतरून रामकुंडाकडे पितृकार्यासाठी जाणारी माणसे आम्ही आयुष्यभर पाहत आलो. ज्या पणज्याच्या नावे ते पिंड देतात, त्याने शेत राखले ते स्वतःच्या पोटासाठी. ह्या पणतवाचा विचार त्याच्या स्वप्नातही नव्हता. तरी पणतू ऋण मानतो, आणि त्यास कोणी तर्कदुष्ट म्हणत नाही.

ऋण फेडावयाचे कसे, हा प्रश्न निराळा. एलिझाबेथ हेझन आणि रॅचेल ब्राउन ह्या दोन अमेरिकन विदुषींनी १९५० मध्ये नायस्टॅटिन हे अँफोटेरिसिनच्याच कुळातील औषध जगापुढे ठेवले, आणि त्याचे लाखो डॉलरचे स्वामित्वधन संशोधनास देऊन टाकले. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभातील वाटा स्थानिक लोकांस देण्याची तजवीज केली आहे. मात्र वाटा माणसांतच वाटला जातो. रानाच्या वाट्यास काय येते, हे ज्या त्या गावावर.

परवा संध्याकाळी चहाच्या वेळी आम्ही शेजारच्या गृहस्थांस ओरिनोकोची सर्व हकीकत सांगितली. त्यांनी ती उरलेला डोळा आमच्यावर रोखून शांतपणे ऐकली, आणि विचारले, "मग सर, माझ्यासारखी माणसं वाचली, हे तिकडच्या लोकांना कोणी कळवलं का?"

आम्ही म्हणालो, कळविले नसावे.

"पत्ता मिळेल का?" त्यांनी विचारले, आणि मुलास कागद आणावयास सांगितले.