मागे बसलेल्याची नोंद



आज एका छोट्या खोटेपणाविषयी लिहायचे आहे. प्रसंग काही वर्षांपूर्वीचा आहे. तो आम्ही पापनिवेदनात ऐकलेला नाही. संबंधितांना विचारून, त्यांची ओळख पटू नये एवढे बदल करून सांगत आहोत.

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. आपल्या गंगापूर रोडवरून एक जोडपे स्कूटरवर घरी चालले होते. नवरा गाडी चालवत होता. बाई मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी. अंधारात गतिरोधक दिसला नाही. गाडी उडाली आणि बाई मागच्या मागे रस्त्यावर पडल्या. डोक्याला मार लागला, कॉलरबोन मोडले. नवऱ्याला साधे खरचटलेही नाही.

निरोप मिळाल्यावर आम्ही रुग्णालयात पोहोचलो. केसपेपर अजून पुरता लिहून झाला नव्हता. एका जाणत्या नातेवाइकाने आम्हांला बाजूला घेतले. "फादर, गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टीचा आहे. मागे बसली होती असे लिहिले तर एक पैसा मिळणार नाही. पायी चालली होती, गाडीचा धक्का लागला, एवढेच लिहायला सांगा. डॉक्टर तुमचा शब्द मोडणार नाहीत."

त्यांची माहिती चुकीची नव्हती. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार जो विमा सक्तीचा आहे, त्यात रस्त्याने चालणाऱ्याला संरक्षण आहे, पण दुचाकीवर मागे बसलेल्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे स्पष्ट केले. मागे बसणाऱ्यासाठी जास्त हप्त्याची पॅकेज पॉलिसी लागते. म्हणजे बाई त्याच, रस्ता तोच, जखम तीच. पण एका शब्दाने लाखाचा फरक पडणार होता. आणि ह्या बाई चार घरी स्वयंपाक करून संसार चालवत होत्या.

आम्ही 'हो' म्हटले नाही. पण 'नाही' म्हणायला आम्हांला पाच मिनिटे लागली, हे कबूल केले पाहिजे. सेमिनरीत संत ऑगस्टिन आणि संत थॉमस अक्वायनास शिकलो होतो. कुणाचे भले करण्यासाठी बोललेले खोटे हे द्वेषाने बोललेल्या खोट्यापेक्षा हलके असते, तरी ते खोटेच राहते, असे संत थॉमस सांगतात. परीक्षेत हे उत्तर लिहिणे सोपे होते. स्ट्रेचरवर कण्हणाऱ्या बाईसमोर ते सोपे राहिले नाही. एका श्रीमंत विमा कंपनीचे काही हजार गेले तर कुणाचे काय बिघडले, असे मन विचारत होते.

काय बिघडते, ते नंतर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काम करणाऱ्या एका मित्राने समजावले. रुग्णाच्या केसपेपरवरून तिथे आजाराला व अपघाताला सांकेतिक क्रमांक दिला जातो. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची यादी आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीत मोटारसायकलवरील व्यक्तीच्या अपघातांना व्ही २० ते व्ही २९ असे क्रमांक आहेत. कशालाही न धडकता रस्त्यावर गाडीवरून पडलेला चालक असेल तर व्ही २८.४, मागे बसलेली व्यक्ती असेल तर व्ही २८.५. कोण कुठे बसले होते हे डॉक्टरांनी लिहिलेच नसेल तर व्ही २८.९. पायी चालणाऱ्याला दुचाकीने धडक दिली तर क्रमांक अगदी वेगळा, व्ही ०२पासून सुरू होणारा. क्रमांक देणाऱ्याने रुग्णाला पाहिलेले नसते. त्याला अंदाज करण्याची मुभा नाही. कागद जे बोलेल तेच तो लिहितो.

ह्या क्रमांकांची आणि पोलिसांच्या नोंदींची पुढे बेरीज होते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकी अपघातांत मरण पावले. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे, त्याला धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि साडी-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून चाकावर जाळी हवी, असे नियमात आहे. ह्या नियमांचा आग्रह धरायचा तर मागे बसणारे किती आणि कसे जखमी होतात हे कुणीतरी खरे लिहिलेले असले पाहिजे. आमच्या त्या पाच मिनिटांत बेरजेतून एक बाई कमी होणार होती. शिवाय तिच्या नवऱ्यावर वाटसरूला उडवल्याचा ठपका आला असता आणि तरुण डॉक्टरच्या सहीखाली खोटी साक्ष गेली असती. आठवी आज्ञा केवळ न्यायालयापुरती नाही, ती केसपेपरलाही लागू आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. केसपेपरवर खरे लिहिले गेले आणि विम्याचे पैसे मिळाले नाहीत. सत्याचा आग्रह आम्ही धरला, बिल मात्र त्या बाईंच्या घरावर आले. दोन महिने त्यांची चारही कामे बंद होती. आम्ही चार दारे ठोठावली, काही मदत जमली, पण आधी त्यांची कर्णफुले गहाण पडली होती. ती गोष्ट आम्हांला आजही टोचते. दुसऱ्याला खरे बोलायला सांगणाऱ्याने त्या खऱ्याच्या किमतीतला वाटा उचलायला नको का? चांगल्या शोमरोन्याने जखमीला उपदेश केला नाही. त्याने उतारशाळेचे पैसे भरले आणि उरलेले परत येताना देतो म्हणाला. गरिबाला खोटे परवडते आणि खरे परवडत नाही, अशी वेळ आपल्या धर्मग्रामात येत असेल तर तो दोष एकट्या गरिबाचा नाही.

आज एक सोय झाली आहे. २०२५च्या मे महिन्यात अधिसूचित झालेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत रस्ते अपघातातील जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात, मग तो मागे बसलेला का असेना. त्यासाठीही रस्त्यावरचा अपघात रस्त्यावरचा म्हणूनच नोंदलेला असावा लागतो.

म्हणून आपणांस विनंती. घरी गेल्यावर गाडीची पॉलिसी काढून पाहा. मागे बसणाऱ्याला संरक्षण आहे का ते विचारा. दुसरे हेल्मेट घ्या. अपघात झालाच, तर कोण चालवत होते, कोण मागे होते, हेल्मेट होते की नव्हते, हे डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा. आणि खरे सांगितल्यामुळे कुणाच्या घरी ओढाताण झाली, तर ते आमच्या कानावर घाला. ह्या वेळी पाच मिनिटे घेणार नाही.

आपले धर्मगुरू