उत्तर देणं लागतं का?

"टाळी एका हाताने वाजत नाही" ही म्हण आपण मराठी माणसं फार सोयीने वापरतो. जागेचा वाद असो, भावाभावांचं भांडण असो की घटस्फोट, ही म्हण म्हटली की ऐकणाऱ्याची सुटका होते. कुणाची बाजू घ्यायला नको, जास्त काही विचारायला नको, शिवाय आपण समतोल बुद्धीचे आहोत असं समाधानही मिळतं. माझा घटस्फोट २०१९ साली झाला. त्याच्या आधी आणि नंतर ही म्हण मी इथल्या दिवाणखान्यांत, मंडळाच्या कोजागिरीला आणि सांगलीहून येणाऱ्या फोनवर इतक्यांदा ऐकली, की तिचा जरा नीट विचार करावा असं वाटू लागलं. टाळीला दोन हात लागतात हे खरंच. पण थप्पड एका हाताने बसते, आणि शेजारच्या खोलीत दोन्हींचा आवाज सारखाच ऐकू येतो.

आधी एक कबूल करायला हवं. घटस्फोटाच्या काळात चांगली चांगली माणसं वर्ष-दीड वर्ष क्षुद्र होतात. प्रेशर कुकर कुणी न्यायचा यावरून सुशिक्षित माणसं वकिलांना पत्रं लिहायला लावतात. तो राग असतो, दुखावलेपण असतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते ओसरतं. मी ज्याबद्दल लिहिते आहे ते वेगळं. रागाला हवं ते मिळालं की तो शांत होतो. ताबा ठेवण्याच्या इच्छेला हवं ते मिळालं की दुसऱ्या दिवशी नवी मागणी येते, कारण मागणीतली वस्तू महत्त्वाची नसतेच. समोरच्याने आपल्या शब्दावर हलावं, एवढंच हवं असतं. हे पुरुष करतात तशा बायकाही करतात. माझा अनुभव एका बाजूचा आहे, म्हणून मी त्या बाजूने लिहिते.

लग्न संपल्यावर हे कसं चालतं, ते बाहेरून दिसत नाही. मुलीच्या खर्चाचे पैसे येतात, पण दर महिन्याला वेगळ्या तारखेला आणि तीन तुकड्यांत. रात्री अकराला ईमेल येतो आणि सकाळी सातला 'उत्तर का नाही?' म्हणून दुसरा. मुलीच्या ओसीआयच्या अर्जावर सहसा आईवडील दोघांच्या सह्या लागतात. ती एक सही चार महिने अडून बसते. माझ्या आईवडिलांना फोन जातो, अतिशय नम्रपणे, 'मला तिची काळजी वाटते' म्हणून. यातली कुठलीही एक गोष्ट मंडळात सांगितली तर लोक म्हणतील, एवढंच ना? आणि त्यांचं बरोबरही आहे. एकेकटी गोष्ट एवढीशीच असते. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, त्यातलं मला सर्वात पटलेलं हेच, की सुटे प्रसंग मोजून हे कळत नाही. दुसऱ्याच्या रोजच्या जगण्यातली मोकळीक किती उरली, ते पाहावं लागतं.

मग प्रश्न येतो तो उत्तराचा. पत्राला उत्तर द्यावं, विचारलं तर खरं सांगावं, हे आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवलेलं असतं. माझ्या आजोबांकडे आलेल्या प्रत्येक पोस्टकार्डावर 'उत्तर दिले' अशी नोंद असे. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाला प्रश्न आला आणि उत्तर दिलं नाही, की रात्री झोप येत नाही. ताबा ठेवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तुमचं सौजन्य हीच त्याची दोरी असते.

या पेचावर कान्टचं म्हणणं प्रसिद्ध आहे. १७९७ च्या एका छोट्या लेखात तो म्हणतो की खुनी दारात येऊन तुमचा मित्र कुठे लपलाय असं विचारत असेल, तरीही खोटं बोलू नये. महाभारतातल्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो ती याच्या नेमकी उलट. कौशिक हा सत्याचं व्रत घेतलेला तपस्वी. लुटारूंना भिऊन काही माणसं रानात लपली होती. लुटारूंनी विचारलं, कौशिकाने खरं ते सांगितलं, माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. कृष्णाचं सांगणं असं, की न बोलता सुटका होत असेल तर बोलूच नये. बोलणं भागच पडलं, तरच पुढचा विचार. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात हाच पेच चर्चेला घेतला आहे.

आपण या गोष्टीत खोटं बोलावं की नाही एवढंच शोधतो. मला त्यातली मधली पायरी जास्त मोलाची वाटते, न बोलण्याची. खोटं बोलणं आणि न सांगणं यांत फरक आहे, आणि तो फरक विचारणाऱ्याच्या हक्काशी जोडलेला आहे. मुलीचा बाप म्हणून तिची तब्येत, शाळा, ती कुठे जाणार आणि कधी परतणार, हे कळण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. ते मी त्याच दिवशी, चार ओळींत, एकही विशेषण न वापरता कळवते. माझ्याकडे कोण जेवायला आलं, मी नोकरी का बदलली, दिवाळीला कुणाकडे गेले, हे सांगणं मी लागत नाही. त्या प्रश्नांना मी 'सांगणार नाही' असंही उत्तर देत नाही, कारण त्यावरही पुन्हा पत्रव्यवहार सुरू होतो. कौटुंबिक वादांत काम केलेले अमेरिकन वकील बिल एडी अशा पत्रांसाठी सुचवतात की ती थोडक्यात, माहितीपुरती, सौजन्याची आणि ठाम असावीत. मी सौजन्यापुरतं 'धन्यवाद' लिहिते. सुरुवातीला ते लिहिताना हात जड व्हायचा. आता सवय झाली.

भारतात जाण्याचा प्रश्न मात्र चार ओळींत मावत नाही, आणि तो आपल्यापैकी अनेकांना येऊ शकतो. मुलांना परस्पर परदेशी नेण्याविरुद्धचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे एका पालकाने 'ती मुलीला घेऊन परत येणार नाही' असं म्हटलं, की इथलं न्यायालय ते गांभीर्याने घेतं, आणि घ्यायलाच हवं. अशी प्रकरणं खरोखर झालेली आहेत. पण ज्याला फक्त अडवायचं आहे, त्याच्या हातीही हीच खरी भीती येते. आजीच्या पंचाहत्तरीला मुलीला नेता आलं नाही, याचा दोष मी न्यायाधीशांना देऊ शकत नाही. चांगल्या कारणासाठी केलेला नियम वाईट हेतूने वापरला जातो, तेव्हा नियम वाईट ठरतो का? मला अजून नीट सांगता येत नाही.

याची मराठी साक्ष जुनी आहे. १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी दावा लावला. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण १८८७ साली दुसऱ्या न्यायाधीशांनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, आणि त्या लंडनला येऊन डॉक्टर झाल्या. नांदायला लावण्याचा तो कायदाच मुळात इंग्लंडहून आलेला होता. इंग्लंडने तो १९७० साली रद्द केला. भारतात तो हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात अजून आहे. आणि दादाजी १९०४ साली वारले तेव्हा रखमाबाई विधवेसारख्या पांढरं लुगडं नेसू लागल्या, असं त्यांच्या चरित्रात येतं. ज्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग पत्करला, त्याच्यासाठी? मी यावर खूप विचार केला. आता वाटतं, कुणी मागितलं नसताना, कुणी भाग पाडलं नसताना केलेली ती गोष्ट होती, आणि म्हणून ती त्यांची स्वतःची होती.

इथला कायदा गेल्या काही वर्षांत बराच बदलला. मी अर्ज केला तेव्हा जोडीदाराच्या वागण्याची यादी लिहावी लागली होती. ६ एप्रिल २०२२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये घटस्फोटासाठी दोष कुणाचा हे सांगावं लागत नाही. दुसरीकडे, जोडीदारावर सतत ताबा ठेवून छळणं हा २०१५ च्या कायद्याने गुन्हा झाला, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण वेगळं राहणाऱ्या माजी नवऱ्याला किंवा बायकोला तो लागू नव्हता. छप्पर वेगळं झालं की छळ संपला, असं जणू कायद्याने धरलं होतं. ५ एप्रिल २०२३ पासून ती अट गेली. हे दोन बदल परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाहीत. लग्न संपायला गुन्हेगार लागत नाही. छळ थांबवायचा तर मात्र कोण करतंय ते पाहावंच लागतं. आपण मंडळात नेमकं उलट करतो: लग्न मोडलं की चूक कुणाची याची चर्चा, आणि त्रास दिसला की टाळीची म्हण.

मंडळाबद्दल मला फार तक्रार नाही. दोघांनाही गणपतीचं आमंत्रण येतं, हे योग्यच आहे. गंमत अशी, की इतकी वर्षं सगळे मला 'वहिनी' म्हणायचे, आणि ते नातं अर्थातच नवऱ्यावरून होतं. घटस्फोटानंतर काही महिने मला हाकच कुणी मारेना. लोक नुसतंच 'अहो' म्हणत. मग एका काकूंनी सरळ नावाने हाक मारली. त्याच काकूंना एकदा निरोप आला, 'तिला सांगा, मी समेटाला तयार आहे.' त्यांनी उत्तर दिलं, 'निरोप मी पोचवत नाही, तुमच्याकडे तिचा पत्ता आहे.' दोघांशीही त्यांचं येणंजाणं अजून आहे. पण निरोप्या होण्याला त्यांनी नकार दिला, आणि मला त्याचा जितका उपयोग झाला तितका कुणाच्या सहानुभूतीचा झाला नाही.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. तिच्या बाबांबद्दल मी तिला खोटं सांगत नाही आणि आरोपपत्रही वाचून दाखवत नाही. 'मला तसं राहणं जमलं नाही, तुझं त्यांच्याशी नातं तुझं आहे,' इथपर्यंत मी येते. पण हल्ली रात्री तिच्या फोनवर मेसेज येतात, आणि ती विचारते, लगेच उत्तर द्यायलाच हवं का? माझा नियम तिला जसाच्या तसा लागू होत नाही. ती मुलगी आहे, तिचे ते बाबा आहेत, आणि तिला त्यांच्याशी बोलायला आवडतंही. तूर्त आम्ही एवढंच ठरवलं आहे, की रात्री आठनंतर दोन्ही फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला राहतील, माझाही. हे मी त्यालाही कळवलं आहे, एका ओळीत.